घराची किल्ली आणि हजार विड्या

अंगठा घ्यायची एक पद्धत असते. बाईला नुसतं "अंगठा लावा" म्हटलं की ती जोर लावते, आणि कागदावर जांभळा डाग उमटतो, रेषा उमटत नाहीत. म्हणून तिचा अंगठा आपणच हलक्या हातानं धरायचा, पॅडवर या कडेपासून त्या कडेपर्यंत फिरवायचा आणि तसाच कागदावर टेकवायचा. १९९७ पासून सोलापूरच्या पूर्व भागात विडी कामगारांच्या युनियनच्या ऑफिसात मी बसते. अर्ज लिहिते, रजिस्टर ठेवते, पीएफचे कागद लावते. इतक्या वर्षांत किती बायकांचे अंगठे माझ्या हातात आले ते मोजलेलं नाही, पण हाताला एक गोष्ट कळून गेली आहे. विडी वळणाऱ्या बाईचा अंगठा गुळगुळीत असतो. रोज हजार वेळा पान गुंडाळायचं, हजार वेळा तोंड मुडपायचं, हजार वेळा दोरा आवळायचा. वीस-पंचवीस वर्षांत रेषा झिजून जातात. पुढं आधारचं मशीन आलं तेव्हा त्याला या बायका ओळखूच येईनात. समोरचा मुलगा म्हणायचा, "मावशी, परत ठेवा." मावशी पदराला अंगठा पुसून परत ठेवायच्या, आणि मशीन परत नाही म्हणायचं.

दोन वर्षांपूर्वी एक मुलगी ऑफिसात आली. कॉलेजात शिकणारी, पाठीला सॅक. खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "मॅडम, हे घरकुलाचं सरकारी ऑफिस ना?" माझ्या मागं भिंतीवर लाल झेंडा होता, शेजारी मे दिनाच्या मोर्चाचा फोटो. मी म्हटलं, "नाही गं, ही युनियन आहे." तिनं जरा विचार केला. "म्हणजे तुम्ही एजंट?"

तिच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. समोर जे दिसत होतं त्यावरून ती बोलत होती. टेबल, फायली, झेरॉक्सचं मशीन, रांग, पावतीपुस्तक. तिच्या आजीला मी ओळखत होते. माझ्या आईबरोबर ती कलेक्टर कचेरीसमोर दिवसभर उन्हात बसलेली होती. नातीला त्यातलं काहीच माहीत नव्हतं, आणि तिला ते कुणी सांगितलंही नव्हतं. मीसुद्धा त्या दिवशी सांगितलं नाही, रांग मोठी होती.

आमचं घर म्हणजे एक खोली. घरात तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत दोन्ही, शिवाय कन्नड कानावर पडायचं ते वेगळंच. वडील यंत्रमागावर, आई विडीवर. रात्री तेंदूची पानं भिजवून ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवायची, पहाटे पत्र्याचा साचा पानावर धरून कात्रीनं कापायची, मग मांडीवर सूप घेऊन बसायचं. सुपात तंबाखू. आम्ही भावंडं त्या वासात झोपलो, त्या वासात पाढे पाठ केले. आठ वर्षांची असल्यापासून मी विडीचं तोंड मुडपायला बसत होते. दुपारी पंचवीस-पंचवीसचे कट्टे बांधून आई ब्रँचला जायची. कारखान्याच्या ज्या ठिकाणी पानं आणि तंबाखू मिळतो आणि तयार माल घेतला जातो, त्याला आमच्याकडं ब्रँच म्हणतात. तिथं तपासणारा माणूस मूठमूठ विड्या बाजूला काढायचा. ती छाट. छाटीचे पैसे नाहीत, आणि त्या विड्या परतही मिळत नाहीत. हजार मोजून द्यायच्या तर त्याहून जास्त वळाव्या लागायच्या. पान खराब निघालं आणि कमी पडलं, तर पदरच्या पैशानं बाजारातून आणून पुरं करायचं.

लाल बावटा हे शब्द तेव्हा आमच्या गल्लीत हळू आवाजात बोलले जायचे. आई पहिल्यांदा मोर्चाला गेली तेव्हा आजीनं दोन दिवस तिच्याशी अबोला धरला. घरच्या बाईनं रस्त्यात उभं राहून ओरडायचं, हे तिला सोसवेना. ब्रँचवर तर आईला तीन आठवडे पानंच दिली नाहीत. "झेंड्याकडनं घे जा पानं," असं तिला ऐकवलं गेलं. ते तीन आठवडे आम्ही ज्वारीच्या कण्यांवर काढले. आईनं मोर्चाला जाणं सोडलं नाही, आणि का सोडलं नाही हे मला फार उशिरा समजलं.

कारण तेव्हाची मागणी होती वहीत नाव लिहिण्याची. घरात बसून विडी वळणारी बाईसुद्धा कामगार आहे, हे १९६६ च्या विडी आणि सिगार कामगार कायद्यानं मान्य केलेलं होतं. तरी प्रत्यक्षात एकीच्या नावावर चौघींचा माल जायचा, कार्ड एकीलाच, आणि बाकीच्या कुठंच नसायच्या. वहीत नाव लिहा, ओळखपत्र द्या, एवढंच म्हणणं. आज वाचणाऱ्याला यात जहाल असं काही सापडणार नाही. पण नाव लिहिलं की पीएफ आला, पगारी रजा आली, बाळंतपणाचा हक्क आला, आणि कामावरून काढताना कारण सांगणं आलं. मागणी जहाल आहे की सौम्य, हे घोषणेच्या आवाजावर ठरत नाही, ती पुरी करताना कुणाच्या खिशाला हात घालावा लागतो त्यावर ठरतं. हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. आईच्या त्या तीन आठवड्यांतून कळलं.

काल जहाल ठरलेलं आज सगळ्यांचं होतं, असा प्रवास आमच्या गावानं याआधीही पाहिलेला आहे. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटलं, गोळीबार झाला, काही दिवस इंग्रजांचा अंमल गावात उरला नाही आणि मग मार्शल लॉ आला. त्या दिवसांत इथं डोक्यावर गांधी टोपी घालणाऱ्यालाही शिक्षा होत होती. मल्लप्पा धनशेट्टी, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिलं. आता दर १२ जानेवारीला त्यांच्या पुतळ्यांना सगळ्या पक्षांचे हार पडतात, आणि हुतात्मा स्मृती मंदिरात नाटकं आणि शाळांची संमेलनं होतात. लहानपणी मीही त्या रंगमंचावर नाचले आहे. हुतात्मा हे मला तेव्हा सभागृहाचं नाव वाटायचं. कुर्बान हुसेन गिरणी कामगारांत काम करत होते, हे मला युनियनमध्ये आल्यावर कुणीतरी सांगितलं. हार घालणाऱ्यांचा मला राग नाही. पुतळा उभा राहिला म्हणून तर नाव टिकलं. पण पुतळ्याच्या हातात मागणीचा कागद नसतो.

रविवारचंही तसंच. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी १८८४ पासून आठवड्याची सुट्टी मागितली, आणि १० जून १८९० ला ती मिळाली. आज रविवार हा कुणाच्या चळवळीचा आहे असं कुणालाच वाटत नाही, इतका तो सगळ्यांचा झाला. माझ्या आईचा मात्र तो कधीच झाला नाही. ब्रँच बंद म्हणून ती त्या दिवशी सोमवारचा माल आधीच करून ठेवायची.

१९७६ साली विडी कामगार कल्याण निधीचा कायदा झाला. विडीवर उपकर बसला, आणि त्या पैशातून दवाखाने, घरांना मदत, मुलांना शिष्यवृत्ती सुरू झाली. माझ्या दहावीच्या वह्या त्या शिष्यवृत्तीतून आल्या. आई वह्यांवर हात फिरवून म्हणायची, हा माझ्या विडीतला पैसा आहे. तिचं म्हणणं शब्दशः खरं होतं, कारण विडीमागं ठरलेली रक्कम त्या निधीत जमा होत होती. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि इतर अनेक उपकरांबरोबर हाही उपकर संपला. शिष्यवृत्ती बंद झाली नाही, अजूनही मुलांचे अर्ज आम्ही भरतो. पण आता ती सरकारची योजना आहे. आईसारखं "माझ्या विडीतला पैसा" असं आजच्या बाईला म्हणता येत नाही, आणि मला हे नुकसान फार मोठं वाटतं. पैसे तेवढेच आले तरी मागणाऱ्याची मान वेगळी असते.

घराची मागणी पुढं आली तेव्हा मी ऑफिसात नवीन होते आणि मला ती मनातून पटलेली नव्हती. मजुरीसाठी लढणाऱ्यांनी घर कशाला मागायचं, असं वाटायचं. एका म्हाताऱ्या कामगार बाईनं मला गप्प केलं. ती म्हणाली, "अक्का, तू मजुरी दोन रुपये वाढवून आणतेस, घरमालक तीन रुपयं वाढवतोय. तंबाखूचा वास येतोय म्हणून अकरा महिन्यांनी काढतोय. मी विडी कुठं बसून वळू?" तिच्यासाठी घर हीच कामाची जागा होती. कारखान्यात कामाला जाणाऱ्या माणसाला मालक छप्पर देतो, विडीवाली आपलं छप्पर स्वतः भाड्यानं घेऊन मालकाचा माल करते. हे तिनं तीन वाक्यांत सांगितलं. मग मी अर्जांना हात घातला.

नरसय्या आडम, ज्यांना अख्खं सोलापूर आडम मास्तर म्हणतं, तीन वेळा इथून आमदार झाले, १९७८, १९९५ आणि २००४ मध्ये. घरांचा प्रश्न त्यांनी आणि सिटू या कामगार संघटनेनं लावून धरला. मोर्चे, धरणी, मुंबईच्या फेऱ्या, मंत्रालयातले हेलपाटे. अक्कलकोट रस्त्यावर कुंभारीच्या माळावर दहा हजार विडी कामगार बायकांची वसाहत उभी राहिली, आणि २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते तिचं लोकार्पण झालं. वसाहतीला नाव दिलं गोदूताई परुळेकरांचं. या त्याच गोदूताई, ज्यांनी १९४५ पासून ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांना वेठबिगारीविरुद्ध उभं केलं, आणि ज्यांना सरकारनं त्या जिल्ह्यातून हद्दपार केलं होतं. आज कुंभारीकडं जाणारे रिक्षावाले "गोदूताई, गोदूताई" अशी हाक देऊन गिऱ्हाईक भरतात. पहिल्यांदा ती हाक ऐकली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. आता मीही हात करते आणि म्हणते, गोदूताईला सोडा.

त्यानंतरचं रे नगर त्याहून मोठं. तीस हजार घरं, आणि विडीवाल्यांबरोबर यंत्रमाग कामगार, शिलाई कामगार, कचरा वेचणारे, रिक्षा चालवणारे असे सगळे असंघटित कामगार. ९ जानेवारी २०१९ ला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि १९ जानेवारी २०२४ ला त्यांच्याच हस्ते पहिल्या पंधरा हजार घरांचं लोकार्पण. लहानपणी अशा घरात राहायला मिळालं असतं तर, असं बोलताना पंतप्रधानांचा गळा दाटून आला, ते सगळ्या देशानं पाहिलं.

२०१९ च्या कार्यक्रमात आडम मास्तरांनी पंतप्रधानांचं कौतुक केलं, म्हणून त्यांच्या पक्षानं, मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षानं, त्यांना तीन महिन्यांसाठी केंद्रीय समितीतून निलंबित केलं. त्या दिवसांत आमच्या ऑफिसात चहा थंड होईपर्यंत वाद व्हायचे. जन्मभर ज्यांच्या विरोधात बोललो त्यांना व्यासपीठावर धन्यवाद कसे द्यायचे, असं एक म्हणायचा. बायका म्हणायच्या, घर दिलं तर आभार मानायचे नाहीत का, आपल्यात तशी रीत आहे का? मला दोन्ही म्हणणी खरी वाटत होती आणि अजून वाटतात. चळवळ इतकी मोठी झाली की तिच्या कार्यक्रमाला पंतप्रधान येतात, तेव्हा तिच्या माणसांना दोन भाषा बोलाव्या लागतात, एक मोर्चातली आणि एक लोकार्पणातली. दोन्ही एकाच तोंडातून निघताना जीभ अडखळते. त्यात लबाडी नसते. मी ती माणसं जवळून पाहिली आहेत.

माझंही काम तसंच बदललं. पूर्वी दारात बाई आली की पहिला प्रश्न असायचा, कुठली ब्रँच? आता विचारते, आधार आणि बँकेतलं नाव जुळतंय का? पंतप्रधान आवास योजनेत केंद्राचे दीड लाख, राज्याचा एक लाख, आणि राहिलेला हिस्सा लाभार्थ्याचा. लाभार्थी हा शब्द माझ्या तोंडात बसायला दोन वर्षं लागली. तोवर आम्ही कामगारच म्हणत होतो.

याच कामात माझ्या हातून एक चूक झाली. आमच्याकडं बाईची दोन नावं असतात. विडीच्या कार्डावर माहेरचं, रेशन कार्डावर सासरचं, त्यातून तेलुगू आडनाव मराठीत लिहिताना प्रत्येक कारकुनाची तऱ्हा वेगळी. एका बाईच्या फायलीत दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र लावायचं मी विसरले. फाईल छाननीतून परत आली, तिचा नंबर मागं गेला, आणि ती आणखी बराच काळ भाड्याच्या खोलीत राहिली. मी तिच्या घरी जाऊन माफी मागितली. ती मला बोलली नाही. चहा दिला, आणि नंतर म्हणाली, "मोर्चात कुणी माझं नाव विचारलं नव्हतं, अक्का. नुसतं ये म्हटलेलं, मी आले." तेव्हापासून प्रत्येक फाईल मी तीन वेळा तपासते. तिचं वाक्य मात्र तपासून संपत नाही. लढताना माणूस मोजला जातो, मिळताना त्याचं नाव तपासलं जातं. दुसरं टाळता येणारं नाही, हेही मला माहीत आहे. तीस हजार घरं वाटायची तर यादी लागते, यादीला नियम लागतात, नियमाला माझ्यासारखी टेबलामागची बाई लागते.

कुणी जुना कार्यकर्ता भेटला की म्हणतो, चळवळ मवाळ झाली, आता बिल्डरसारखी कामं चालली आहेत. मला हे मान्य नाही. पावसात गळणाऱ्या खोलीतून बाईला स्वतःच्या नावाच्या पक्क्या घरात जाताना मी पाहिलं आहे. एकीनं किल्ली पदरात बांधली, घरात गेली, आणि आधी नळ सोडून पाहिला. बराच वेळ नुसती उभी होती. ज्यानं ते पाहिलं त्यानं मवाळ हा शब्द जपून वापरावा.

माझी काळजी दुसरी आहे. इतकी वर्षं आम्ही दोन गोष्टी मागत होतो, घर आणि हजार विड्यांमागं किमान वेतन. घराला सगळे पक्ष हो म्हणाले. दोन वेगळ्या विचारांचे पंतप्रधान कुंभारीच्या माळावर येऊन गेले. मजुरीचा प्रश्न तिथंच आहे. सरकारी अधिसूचनेतला आकडा एक आणि बाईच्या हातात पडणारे पैसे दुसरे, ही तक्रार माझ्या आईच्या काळापासून आजपर्यंत मी त्याच शब्दांत लिहिते आहे. कागद बदलला, पूर्वी हातानं लिहायचे, आता टाईप करते. घर सरकारी तिजोरीतून आणि बाईच्या हप्त्यातून उभं राहिलं, त्यात कारखानदाराला काही द्यावं लागलं नाही. मजुरी त्याच्या खिशातून जाते. मुख्य प्रवाह चळवळीला सामावून घेतो असं म्हणतात. माझा अनुभव असा की त्याला पेलेल तेवढंच तो उचलतो, आणि ज्यानं त्याच्या पाठीवर खरं ओझं येईल ते आमच्याच टेबलावर ठेवून जातो.

मालकानं ते ओझं नाकारलं तर काय करायचं, याचं एक उत्तर केरळात मिळालं. १९६९ मध्ये कण्णूरला विडी कामगारांनी दिनेश विडी ही सहकारी संस्था काढली. १९६६ चा तो कायदा लागू करायची वेळ आली तसे मालक कारखाने बंद करून निघून गेले होते, म्हणून कामगारच मालक झाले. पुढं विडीचा खप घटू लागला तेव्हा त्या संस्थेनं छत्र्या, खाद्यपदार्थ, कपडे असं दुसरं काम काढलं. आमच्या पूर्व भागात तशी वेळ येणार हे दिसतं आहे. विडी शरीराला वाईट आहे, यात वाद नाही. माझी आई खोकत खोकत गेली. विडी कमी होईल आणि व्हावीही, पण त्या दिवशी चाळीस-पन्नास हजार बायका काय करतील याचा अर्ज कोणत्या खिडकीवर द्यायचा, ते अजून कुणी मला सांगितलेलं नाही.

परवा रे नगरला गेले होते. मजुरीच्या निवेदनावर सह्या घ्यायच्या होत्या. तळमजल्यावर एक तरुण बाई दारातच सूप घेऊन बसली होती, शेजारी शाळेतून आलेला मुलगा गृहपाठ करत होता. घर लखलखीत, भिंतीला निळा रंग, देव्हारा नवा. मी कागद पुढं केला तशी तिनं हात पुसले आणि घेतला, पण सही केली नाही.

"ताई, याच्यावर सही केली तर घराला काही होईल का? हप्ते चालू आहेत ओ."

आईला पानं बंद झाली होती. हिला घराची भीती. मी तिच्याजवळ खाली बसले. घर तुझ्या नावावर आहे, हप्ता भरतेस तोवर मजुरी मागितली म्हणून ते कुणाला काढून घेता येत नाही, हे मी सांगितलं. मग हे घर कसं आलं तेही सांगितलं. कलेक्टर कचेरीसमोरचं ऊन, आजीचा अबोला, तीन आठवडे न मिळालेली पानं. त्या कॉलेजातल्या मुलीला जे सांगायचं राहून गेलं होतं, ते सगळं हिला सांगितलं. मुलगा पेन्सिल खाली ठेवून ऐकत होता.

तिनं निवेदन पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. शेवटी आलेला आकडा बोटानं दाखवून विचारलं, "हजाराला एवढे? खरंच कायद्यात एवढे आहेत?" मी हो म्हटलं. तिनं माझ्या हातचं पेन घेतलं, मराठीत पूर्ण नाव लिहिलं, आणि मग आणखी एक कोरा कागद मागितला, वरच्या मजल्यावरच्या बायकांसाठी.